युकाचं बुड किसू नका

मावशीने सकाळी फोटो पाठवला. मुळासकट उपटलेला युका, म्हणजे कुंडीत लावतात ते शोभेचं झाड, खाली हत्तीच्या पायासारखं सुजलेलं बुड, आणि प्रश्न: ‘हे किसायचं की उकडायचं?’ आदल्या रात्री तिला एक फॉरवर्ड आला होता. ‘युका लावा. पाणी नको, निगा नको. कंद पौष्टिक. चोवीस तास ऑक्सिजन. कुंपणाला लावलात तर चोर फिरकणार नाही.’ मी फोन करेपर्यंत अर्धं बुड सोलून झालं होतं.

खायचा कंद ‘युका’चा नव्हे, कसाव्याचा. ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो, तो. त्याला स्पॅनिशमध्ये ‘युका’ म्हणतात, एवढंच. गोंधळ जुना आहे: 16व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या जॉन जेरार्ड या वनस्पतीतज्ज्ञाने या शोभेच्या झाडाला कसावा समजून ते नाव दिलं, वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये तेच कायम केलं. दोघांची कुळंसुद्धा वेगळी. कसावाही कच्चा खायचा नसतो, त्यातून सायनाइड सुटतं. आणि युकात असतं सॅपोनिन, म्हणजे फेस करणारं द्रव्य. नैऋत्य अमेरिकेतले मूळ रहिवासी युकाची मुळं कुटून केस धुवायचे. शाम्पू उकडून खाता का तुम्ही? कुत्र्या-मांजरांनी पानं चघळली तरी ओकाऱ्या होतात.

फुलं खातात, हे मान्य. एल साल्वाडोरचं राष्ट्रीय फूल मावशीकडे आहे त्याच मोठ्या जातीच्या युकाचं आहे आणि तिथे ते शिजवून खातात. पण मेसेजमध्ये फुलाचा उल्लेखच नाही.

‘पाणी नको’ हे अर्धं खरं. मुळं धरली की झाड दुष्काळ काढतं. नवं रोप मात्र पहिलं वर्षभर पाणी मागतं, माती सुकली की मग. रोज ओतलंत तर बुड कुजतं. आणि जागा! हा युका जमिनीत लावला की आठ-दहा मीटर उंच जातो, बुंधा रुंदावत राहतो. भिंतीला चिकटून लावू नका.

ऑक्सिजन? तो उजेडातच तयार होतो. हवा शुद्ध करण्याचं म्हणाल, तर 2019 मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी घरातल्या झाडांवरचे जुने प्रयोग एकत्र तपासले. बाहेरची हवा आत-बाहेर खेळून घरातली जेवढी हवा साफ होते, तेवढी झाडांनी करायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. पलंग कुठे ठेवणार?

चोराचं तर विचारूच नका. कुंडीत सर्रास विकला जातो त्या युकाच्या पानाला टोचणारं टोकच नसतं. टोचतो तो ‘अ‍ॅलोइफोलिया’ नावाचा दुसऱ्या जातीचा युका, संगिनीसारखा, आणि त्याची पानं नेमकी लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

मावशीला शेंडा कापून, जखम चार दिवस सावलीत सुकवून, वाळू मिसळलेल्या मातीत खोचायला सांगितलंय. पाणी बेताने. ‘पण मेसेजमध्ये तर पाणी नको म्हटलंय,’ ती म्हणाली.