८२ हर्ट्झला कोण बोललं?

स्पीकरवर गाणं चालू असताना मध्येच झर्र होतं. ठरावीक सुराला होतं आणि तो सूर सरला की पुन्हा सगळं साळसूद. कान टवकारावेत तोवर गायक पुढच्या कडव्यात गेलेला असतो. अशी खरखर पकडायला गाणं कामाचं नाही. त्याला एकच सूर हवा, न हलणारा, न दमणारा, आणि आपण थांब म्हणेपर्यंत चालणारा. असा सूर काढून देणारी टोन जनरेटर नावाची ॲप्स मिळतात. चौकटीत वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं तो हर्ट्झचा आकडा, लिहायची, लहरीचा आकार निवडायचा, बटण दाबायचं. प्रकरण दिसायला इतकं निरुपद्रवी, की घरच्यांना आधी कल्पना द्यावी असं मनातही येत नाही.

आकार चार. साइन लहर सज्जन. ८२ हर्ट्झ मागितले तर ८२च देते. चौकोनी लहर मूळ सुराबरोबर तिप्पट, पाचपट, सातपट अशी विषम पटीतली पिलावळ घेऊन येते. त्रिकोणीची पिलावळ तीच, पण फार लवकर क्षीण होणारी, म्हणून ती त्यातल्या त्यात सुसह्य. करवती लहर सम-विषम काही पाहत नाही, सगळ्यांनाच आणते. शेजाऱ्यांशी कायमचे संबंध तोडायचे असतील तर तिला पर्याय नाही. खरखर शोधणाऱ्याने मात्र साइनच घ्यावी. नाहीतर खिडकी वाजली ती ८२ला की तिच्या तिप्पट २४६ला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो असं पुस्तकात असतं, म्हणून २०पासून सुरुवात केली. स्पीकरचा पडदा थरथरताना दिसला, ऐकू काही येईना. ३०ला तेच. मग हात आपोआप आवाज वाढवायला जातो. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली मांडून ठेवलंय की खालच्या सुरांना आपला कान मुळातच मंद असतो आणि तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तिखट. त्यामुळे ३०ला चढवलेला आवाज तसाच ठेवून कोणी चौकटीत ३,००० लिहिले, तर काय होईल हे त्यांना विचारायची गरज नाही. आमच्याकडे ते चिरंजीवांनी लिहिले. घरातली सगळी दारं एकदम उघडली.

आवाज खाली आणून मी तो ३,०००चा सूर जरा नीट ऐकू लागलो. त्याची एक गंमत असते. त्याची लहर जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरची. भिंतीवरून परतणाऱ्या लहरी तिच्यात मिसळतात आणि डोकं चार बोटं सरकवलं की सूर मोठा होतो, आणखी थोडं सरकवलं की जवळजवळ गायब. मी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे करून बघत होतो.

"अहो, नुसत्या शिट्टीला कसली दाद देताय?" दारातून प्रश्न आला.

मी म्हटलं, या शिट्टीला हसू नकोस. ह्युलेट आणि पॅकार्ड, म्हणजे एचपी कंपनीवाले, यांचा धंदा असे सूर काढणाऱ्या यंत्रानेच सुरू झाला. सूर डळमळू नये म्हणून ह्युलेटने त्यात चक्क दिव्याचा बल्ब बसवला होता. डिस्नेने अशी आठ यंत्रं विकत घेतली.

"हो, पण ते दोघं गॅरेजमध्ये बसायचे," ती म्हणाली. दार लागलं.

तेवढ्यात चिरंजीवांनी १६,००० लावले आणि कान झाकून घेतले. मला शांतता. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात हे माहीत होतं, पण पोरगं नाटक करत असेल ही शंका जाईना. त्याला पाठमोरं बसवलं, बटण दाबलं, सोडलं, लबाडी म्हणून बराच वेळ दाबलंच नाही. बेट्याने एकदाही चूक केली नाही. वर मला दिलासा दिला, "बाबा, तुम्ही काही फार चांगलं मिस करत नाही आहात."

याच वेळी आमचे साडू आले. साडूंना कुठल्याही स्पर्धेत उतरायला आमंत्रण लागत नाही. १६,०००ला ते गप्प होते. "आकडा वाढवा" म्हणाले. थेट ४०,००० लिहायला लावले आणि डोळे मिटून म्हणाले, "येतोय. स्वच्छ येतोय." वटवाघळांच्या पंक्तीला बसणारा माणूस आपल्या नात्यात आहे या कल्पनेने क्षणभर ऊर भरून आला. पण सूर मलाही येत होता. ॲप सुराची लहर सेकंदाला ४४,१०० ठिपक्यांनी काढणारं. त्याच्या निम्म्यावरचं, म्हणजे २२,०५०च्या पलीकडचं काही त्याला काढताच येत नाही. जास्त मागितलं की चांगलं ॲप नकार देतं. आमचं भिडस्त. त्याने ४४,१००मधून ४०,००० वजा करून ४,१०० हर्ट्झ वाजवले होते. हे मी साडूंना कागदावर मांडून दाखवलं. "गणित तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले, "पण कान माझे आहेत."

ते गेल्यावर पुन्हा खालून एकेक हर्ट्झ चढत निघालो. ५७ला खिडकीची काच बोलली. बोट टेकवलं, गप्प. ६४ला कपाटाची कडी. ७१ला पेनांचा डबा, ज्याच्यावर कोणाचाच संशय नव्हता. प्रत्येक वस्तूची आपली एक वारंवारता असते आणि ती मिळेपर्यंत ती किती सभ्य दिसते! ८२ला तो ओळखीचा झर्र आला. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर हाच, तेव्हा गाणी का बिघडत होती ते कळलं. मी स्पीकरचा स्क्रू न् स्क्रू दाबून पाहिला. झर्र चालूच. शेवटी सौभाग्यवतींनी, आवाज बंद होण्याची वाट पाहून कंटाळल्यामुळे, भिंतीवरच्या घड्याळावर तळहात ठेवला. खोली गप्प झाली.

घड्याळ साडूंनी दिलेलं. काचेवर खाली त्यांचं नाव आहे, आणि नावाची पट्टीच सैल झालीये. ते काढायचं नाही आणि उघडायचंही नाही असा वरून आदेश आहे. त्यामुळे मी वेगवेगळे सूर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरमध्ये ८२ हर्ट्झच तेवढे बारीक खणून काढलेत. परवा साडू येऊन तासभर गिटार ऐकून गेले. म्हणाले, स्पीकर आता कसा स्वच्छ वाजतोय.