‘फालतू नियम काढून हरवतात’ या रिव्ह्यूला बारच्या मालकाचं उत्तर

नमस्कार, मी बारचा मालक. तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. दोन स्टार दिलेत ते ठीक आहे, पण तुम्ही लिहिलंय की आमच्या डार्ट्स लीगमध्ये नवीन टीमला फालतू नियम काढून मुद्दाम हरवतात, १६ हवे होते आणि १६ मारले तरी लेग, म्हणजे तो डाव, दिला नाही, तिसरा डार्ट टाकू दिला नाही, बुलला, म्हणजे बोर्डाच्या मधल्या गोलाला, लागून खाली पडलेला डार्ट मोजला नाही, बोर्ड लांब लावलाय आणि वर स्टाफ तुमच्या मित्रावर ओरडला. हे वाचून उद्या एखादी नवीन टीम नाव द्यायला कचरेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते १६ चं. लीगमध्ये ५०१ खेळतो, डबल आउट. म्हणजे ५०१ वरून खाली येत यायचं आणि शून्यावर नेणारा शेवटचा डार्ट बाहेरच्या बारीक डबल रिंगमध्येच, जिथे आकडा दुप्पट धरतात, लागला पाहिजे, नाहीतर अगदी मधल्या बुलमध्ये, कारण ते ५० म्हणजे डबल २५ धरतात. तुमच्या मित्राचे ३२ उरले होते, त्याने डबल १६ धरला, सिंगल १६ लागला, राहिले १६. इथपर्यंत एकदम बरोबर, ३२ ठेवायचे ते याचसाठी, चुकून सिंगल लागला तरी १६, मग ८, मग ४, मग २, दर वेळी डबल शिल्लक राहतोच. आता १६ ला हवा डबल ८, आणि बोर्डावर ८ च्या खाली चिकटूनच १६ बसलाय. डार्ट जरासा खाली गेला, सिंगल १६ लागला. शून्य झालं, पण डबलने झालं नाही, म्हणून बस्ट. बस्ट झालं की पाळी तिथेच संपते, म्हणून तिसरा डार्ट नाही, आणि स्कोअर पाळीच्या सुरुवातीला होता तिथे परत, म्हणजे ३२. १ उरला असता तरी बस्टच झालं असतं, १ संपवायला डबल आणणार कुठून? समोरच्यांनी पुढच्या पाळीत डबल मारून लेग संपवला, त्यात नशीब होतं हे मीही म्हणेन, पण डबल त्यांनाही मारावाच लागला.

तुम्ही एक वाक्य लिहिलंय, ‘आम्ही मशीनवर किती वर्षं खेळतोय, असं कधी झालं नाही’. मला वाटतं सगळी गडबड इथेच आहे. इलेक्ट्रॉनिक डार्ट्स मशीनवर प्लॅस्टिकच्या टोकाचे डार्ट, स्कोअर मशीनच मोजतं, आणि मित्रामित्रांत खेळताना बहुतेक जण सेटिंग असं ठेवतात की कसंही शून्य झालं की जिंकलात. सेन्सरने मार्क घेतले की डार्ट नंतर पडला तरी सहसा ते धरतात. आमच्याकडे लीग स्टीलच्या टोकाची, बोर्ड सायसलच्या तंतूंचा. त्यात डार्ट रुतून राहिला तरच मार्क. तारेवर आपटून उडाला, किंवा लागला आणि काढायच्या आधी गळून पडला, तर शून्य, आणि तो परत टाकायचाही नाही. तुमचा बुलचा डार्ट तसाच गेला, मलाही बघून हळहळ वाटली. टोक बोथट असलं की डार्ट जास्त उडतात, काउंटरवर घासायचा दगड ठेवलेला असतो, मागितला की देतो, फक्त सुईसारखं टोक करू नका, त्याने बोर्ड खराब होतो.

अंतराचं म्हणाल तर टेप घेऊन या, सगळ्यांसमोर मोजू. जमिनीपासून बुलच्या मध्यापर्यंत ५ फूट ८ इंच, आणि बोर्डाच्या पुढच्या बाजूपासून लाइनपर्यंत ७ फूट सव्वानऊ इंच, म्हणजे २.३७ मीटर. भिंतीपासून मोजाल तर बोर्डाच्या जाडीएवढा फरक येणारच, तुम्ही बहुतेक तसंच मोजलंत. मशीनची लाइन साधारण ८ फुटांवर असते, म्हणजे खरं तर आमची जवळच आहे, लांब नाही. सवयीचा हात असतो तो, थोडंसं बदललं तरी डार्ट वर-खाली जायला लागतात.

‘स्कोअरर त्यांचाच माणूस होता’ हेही लिहिलंत. एक लेग त्यांचा माणूस लिहितो, एक तुमचा. तुमचा माणूस त्या वेळी बाहेर फोनवर होता, मग कोण उभं राहणार? आणि त्याने ‘डबल ८ मार’ असं सांगितलं नाही म्हणून राग असेल तर तेही नियमातच आहे, किती उरले ते स्कोअरर सांगू शकतो, कुठे मारायचं ते नाही.

मित्रावर ओरडल्याबद्दल मात्र मी स्टाफच्याच बाजूने आहे. समोरचा टाकत असताना तो ग्लास घेऊन बोर्डाकडे आपला पडलेला डार्ट उचलायला निघाला होता. स्टीलचं टोक डोळ्यात गेलं असतं तर? अशा वेळी ‘सर, कृपया’ वगैरे म्हणायला वेळ नसतो, आणि त्यानंतर त्याची पुढची ऑर्डर घेतली नाही तेही योग्यच केलं.

बाकी आवाजाचं काय बोलू, कुणी १८० मारला की लोक ओरडणार, तीन डार्टमध्ये त्याच्या वर काही नाहीच. टाकणारा लाइनवर असताना सगळे गप्प राहतात एवढं मी बघतो.

मला विचाराल तर तुमची टीम वाईट नाही. फक्त सगळे जण प्रत्येक डार्ट ट्रिपल २० वर, म्हणजे २० च्या तिप्पटवाल्या पट्टीवर, झोकतात आणि शेजारच्या १ आणि ५ मध्ये जाऊन बसतात. हात बसेपर्यंत १९ धरून बघा, बाजूला ७ आणि ३ आहेत, चुकलं तरी नुकसान थोडं कमी होतं. आणि सरावात निम्मा वेळ फक्त डबल मारा, तिथेच लेग जातात.

लीग नसते त्या दिवशी बोर्ड कुणालाही मोकळा असतो, नवीन टीम आली तर डबल आउट, बस्ट वगैरे मी स्वतः उभा राहून खेळून दाखवतो. पुढच्या सीझनची नावं घेणं चालू आहे. चार जण लागतात, पण पाचवा राखीव ठेवा, ऐनवेळी कुणीतरी टांग देतोच. आणि टीमचं नाव यावेळी जरा छोटं घ्या, स्कोअरबोर्डवर मावत नाही.