सर, मैं लाईन पे हूँ

आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात. लाईन आली, लाईन गेली, लाईन कमी-जास्त झाली आणि मोटार जळाली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या फोनवरच्या पोराचा आणि माझा बराच वेळ या एका शब्दापायी वाया गेला. माझं काय, मी रिटायर माणूस. त्याचा धंद्याचा टाइम होता.

सुरुवात प्रिंटरपासून झाली. पुण्याच्या पोरानं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना कंप्युटर, सोबत प्रिंटर, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकून यवतमाळला पाठवला. तिथून तो ऑटोनं गावात आला. ‘बाबा, आता लिहीत जा.’ मी 36 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर लिहिलं, आता आणखी काय लिहू? पण मांडला मधल्या खोलीत. आमच्या घरच्यांनी त्याला क्रोशाचा रुमाल विणला. दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप आणि कंप्युटर अशी रांग लागली, आणि हळदकुंकवाचं एक बोट माऊसलाही लागलं. तो माऊस तेव्हापासून डावीकडे ओढतो.

प्रिंटर दोन महिने चालला. मग त्यानं कागद आत घ्यायचा आणि बाहेर द्यायचा नाही, असं सरकारी धोरण स्वीकारलं. तालुक्याच्या दुकानदाराला फोन केला. ‘गुरुजी, सोमवारी पोरगं पाठवतो.’ कोणता सोमवार, ते मी विचारलं नाही. चूक माझी. त्या काळात कोणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सायबर चोरांपासून सावध राहायला सांगायचे. मी सतरा वेळा सावध झालो. दुकानदारानं काही फोन उचलला नाही. वर्ष निघालं, एक दिवाळी गेली, दुसरी गेली.

शेवटी मोबाईलवर ‘प्रिंटर हेल्पलाईन नंबर’ असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. कोणी उचलला नाही. मला वाईट वाटलं नाही, सवय होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला उलटून फोन आला.

उलटून! मला आजवर उलटून फोन कोणी केला नव्हता. दुकानदारानं नाही, वायरमननं नाही, पेन्शनच्या टेबलानं नाही. पोटचं पोरगं ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो’ असा मेसेज पाठवतं, आणि तोही म्हणे मोबाईलमध्ये तयार मिळतो, टाईपसुद्धा करावा लागत नाही.

‘गुड मॉर्निंग सर. मैं विंडोज टेक्निकल डिपार्टमेंट से बात कर रहा हूँ. आपके कंप्यूटर से हमारे पास एरर आ रहा है.’

मी म्हटलं, ‘प्रिंटर का है क्या?’

क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘जी सर, प्रिंटर का भी है.’

त्या ‘भी’वर मी भाळलो.

आता आमच्या घराचा भूगोल सांगतो. रेंज फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीजवळ, तोंड पूर्वेकडे केलं तर. कंप्युटर मधल्या खोलीत. म्हणजे तो पोरगा सांगणार मला, मी टाकीजवळून जिन्यात ओरडणार, आणि आमच्या घरच्या खाली बोट दाबणार. त्यांना खरं तर वावरात जायचं होतं. पऱ्हाटी फुटली होती, कापूस वेचायच्या बाया बांधावर जाऊन बसल्या होत्या. पण साहेबाचा फोन आहे म्हटल्यावर त्या थांबल्या.

‘सर, विंडोज का बटन और आर एक साथ दबाइए.’

मी ओरडलो, ‘अवं, झेंड्यासारखी खूण आहे पाह्य! ती आन् आर!’

खालून आवाज आला, ‘कोनता झेंडा?’

‘चार खिडक्यांचा!’

‘खिडक्या कायले अस्तीन झेंड्यावर?’

पाच मिनिटांनी खूण सापडली. एक चौकट उघडली. तिच्यात आता शब्द टाकायचा होता. पोरानं ‘ई फॉर एलिफंट’ वगैरे सुरू केलं, पण आमच्या घरच्या सातवीपर्यंत शिकलेल्या, त्यांना हत्ती इंग्रजीतून दिसत नाही. मी मास्तर माणूस. मी आपली स्थानिक बाराखडी काढली.

‘ई! एरंडीचा ई! व्ही, विदर्भाचा व्ही! परत एरंडी! एन, नागपूरचा! टी, तुरीचा! मंग पुन्हा विदर्भ! डब्ल्यू, वर्ध्याचा! आन् आर, रामटेकचा!’

शेजारच्या स्लॅबवर काकाजी ओला कापूस वाळवत होते. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, ‘गुरुजी, वेगळा एक विदर्भ अजून कोनी देल्ला नाही, आन् तुमी दोन-दोन कुठून आनले?’

तेवढ्यात खालून: ‘गेली!’

मी फोनमध्ये सांगितलं, ‘लाईन गयी.’

‘नहीं सर, मैं लाईन पे हूँ.’

‘नहीं बाबू, लाईन गयी.’

‘सर, आपकी आवाज़ आ रही है. लाईन एकदम क्लियर है.’

‘क्लियर कहाँ की! डीपी से गयी.’

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हे त्याला सांगण्यात पुढची काही मिनिटं गेली. त्याच्या मोबाईलमध्ये डीपी म्हणजे फोटो. माझा फोटो कुठं गेला, असं तो विचारत राहिला.

आमचा इन्व्हर्टर लागतो, पण जरा विचार करून लागतो. तेवढ्या अवधीत कंप्युटर एकदा प्राण सोडतो आणि मग पहिल्यापासून जन्म घेतो. त्या जन्माला बारा मिनिटं लागतात. पोरगा म्हणाला, ‘कोई बात नहीं सर, आप आराम से कीजिए, मैं होल्ड करता हूँ.’

इतकं गोड माझ्याशी तालुक्यात कोणी बोललं नाही. त्या बारा मिनिटांत त्यानं माझी तब्येत विचारली, मुलं काय करतात विचारलं, पाऊस-पाणी विचारलं. मी म्हटलं, लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 आहे, आणि गाडी घेऊन गेलं की व्यापारी ओल दाखवतो. तो म्हणाला, ‘वेरी सॅड सर.’ त्याच सुरात त्यानं पेन्शन कोणत्या बँकेत येते तेही विचारलं. मी बँक सांगितली, शाखा सांगितली, तिथला शिपाई जेवायला गेला की किती वाजता परत येतो तेही सांगितलं.

मग चौकट पुन्हा उघडली, दोन्ही विदर्भ पुन्हा टाकले गेले, आणि खालून आमच्या घरच्यांचा बारीक झालेला आवाज आला: ‘आता वं माय. लाल फुल्याच फुल्या दिसून राह्यल्या. आन् पिवळे तिकोनं.’

‘यही है सर,’ पोरगा म्हणाला. ‘सब वायरस है. ये रेड वाला हैकर है.’

माझ्या पोटात गोळा आला. मी जन्मभरात पोरांच्या वह्यांवर किती लाल फुल्या मारल्या असतील त्याची मोजदाद नाही. त्या सगळ्या अशा एकदम परत येतील असं वाटलं नव्हतं.

पुढचा हुकूम सुटला. एक छोटं सॉफ्टवेअर नेटवरून घ्यायचं, त्यातला नऊ आकडी नंबर त्याला सांगायचा, मग तो स्वतः आत येऊन सगळं दुरुस्त करणार. फी फक्त 4,999, लाईफटाईम.

मी म्हटलं, ‘नेट तो नहीं है.’

‘नेट नहीं है?’

‘नेट फोन में है. हॉटस्पॉट लगाते हम. फोन मेरे पास है, और फोन में आप है.’

पलीकडे पहिल्यांदाच शांतता पसरली. ज्या कंप्युटरमध्ये नेट नाही त्याच्यात हॅकर कुठून शिरला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. उलट त्या बिचाऱ्याची माझ्यामुळे पंचाईत झाली याचंच मला वाईट वाटत होतं. तो म्हणाला, ‘सर, फोन लेके कंप्यूटर के पास जाइए.’

निघालो. जिना उतरू लागलो. जिन्याच्या वळणावर इन्व्हर्टर ठेवला आहे, आणि तिथंच रेंजची शेवटची एक काडी असते. त्याच्या पुढच्या पायरीला काही नाही. मी वळणावर आलो आणि इन्व्हर्टर नेहमीसारखा बोलला: टूं. टूं. टूं.

‘सुना सर?’ पोरगा एकदम उठून बसल्यासारखा बोलला. ‘सुना आपने? यही है! वायरस का अलार्म बज रहा है! जल्दी कीजिए सर, सब डाटा जा रहा है!’

मी थांबलो.

तो आवाज मी ओळखतो. पोळ्यापासून रोज ऐकतोय. बॅटरीतलं पाणी कमी झालं आहे, ते डिस्टिल्ड वॉटर आणायचं आहे, मी उद्या आणतो म्हणतो आणि आणत नाही, आणि त्यावरून घरात रोज मला ऐकावं लागतं. फुल्या मला समजत नव्हत्या, हॅकर समजत नव्हता. पण या टूं-टूंबद्दल मला गावात कोणी काही शिकवू शकत नाही.

मी म्हटलं, ‘बाबू, ये इन्व्हर्टर है.’

तो म्हणाला, ‘सर, वायरस इन्व्हर्टर में भी जाता है.’

पुन्हा ‘भी’. पण या वेळी मी भाळलो नाही.

आतून आमच्या घरच्या ओरडल्या, ‘काय म्हनते तो?’

‘इन्व्हर्टरात वायरस आहे म्हनते!’

‘मंग त्याले म्हना, पानी टाकून दे!’

मी काही बोललो नाही. एक पायरी खाली उतरलो. तिथं रेंज संपते.

संध्याकाळी सेतू केंद्रवाल्या पोराला बोलावलं. त्यानं फुल्या पाहिल्या आणि हसत सुटला. म्हणाला, गुरुजी, ही कंप्युटरची रोजनिशी आहे. प्रत्येकाच्या कंप्युटरात अशा फुल्या असतात, माझ्याही आहेत, नव्या डब्यातून काढलेल्या कंप्युटरातही दोन दिवसांत येतात. बारीकसारीक काही अडलं की तो लिहून ठेवतो. ज्याला माहीत नाही त्याला त्या दाखवून घाबरवायचं, एवढंच या लोकांचं भांडवल. मूळ हा खेळ अमेरिका-इंग्लंडच्या म्हाताऱ्यांसाठी आपल्याकडूनच इंग्रजीतून चालायचा, आता हिंदीत आला. आणि तुमचं विंडोज 7 आहे, त्याची सेवा कंपनीनंच 14 जानेवारी 2020 ला बंद केली. ती आता स्वतःहून फोन करून तुमची खुशाली विचारेल काय? पैसे गेले असते तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितके वाचतात, असंही त्यानं सांगितलं. ते मी कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वर, लिहून ठेवलं.

मग तो गावातले बाकीचे प्रकार सांगत बसला. पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर फाईल येते, दाबली की मोबाईल त्यांचा. आमच्याच गल्लीत एकाचे सोयाबीनचे पैसे असे गेले. तो कोणाला सांगत नाही, गावाला माहीत आहे, आणि त्याच्यासमोर तो विषय कोणी काढत नाही. एक मेसेज विजेचा येतो: बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापण्यात येईल. तो आमच्या घरच्यांनाही आला होता. त्यांनी वाचून देवाला हात जोडले होते. म्हणाल्या होत्या, ‘म्हनजे साडेनऊवरी राह्यते तं!’

पण मला त्या फुल्यांनी जागेवरून हलू दिलं नाही. पोराला म्हटलं, एकेक उघडून दाखव. लाल फुलीवर बोट दाबलं की खाली तारीख, वेळ आणि कारण येतं. बहुतेक जागी एकच: कर्नेल-पॉवर, 41. पोरगा म्हणाला, याचा अर्थ कंप्युटर नीट बंद न करता एकदम बंद पडला.

म्हणजे लाईन गेली.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मंगळवार, सकाळी 10.52, हा आजचा, चोर फोनवर असतानाचा. सोमवार, दुपारी 3.10. रविवारी तीन वेळा. शनिवारी, मी पेन्शनरांच्या सभेचं इतिवृत्त टाईप करत होतो तेव्हाचा. खाली, खाली, आणखी खाली, मिनिटासकट. माझ्या घरात, क्रोशाच्या रुमालाखाली, आमच्या फिडरचा, म्हणजे गावाला येणाऱ्या लाईनचा, पंचनामा कोणी न सांगता लिहिला जात होता. वीज कार्यालयात गेलं की तिथले साहेब म्हणायचे, ‘गुरुजी, तुमच्या गावची लाईन जास्त जात नाही, रेकॉर्डवर नाही.’ आता रेकॉर्ड माझ्याकडे होतं, आणि ते शोधून काढणारा माणूस मला लुटायला आला होता.

प्रिंटर बंदच. मी दोन रात्री बसून सगळं फुलस्केप कागदावर हातानं उतरवलं, समास सोडून, अनुक्रमांक टाकून. साहेबांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग विचारलं, ‘गुरुजी, हे कोणी काढून दिलं?’

मी म्हटलं, ‘विंडोज टेक्निकल डिपार्टमेंट.’

त्यांनी अर्ज ठेवून घेतला. सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले.

त्या पोराचे त्या दिवशी आणखी अकरा फोन आले होते. मी उचलले नाहीत. पण सायबर चोरांपासून सावध राहायचं ते बच्चनसाहेबांचं सांगणं तर फोन लावणाऱ्याला ऐकू यायचं, उचलणाऱ्याला नाही. तो तेव्हाही याच धंद्यात असेल तर त्याच्याइतकं ते महाराष्ट्रात कोणीच ऐकलं नसेल.

पंधरा दिवसांनी मी स्लॅबवर काकाजींसोबत उन्हात बसलो होतो, तर वेगळ्याच नंबरवरून तोच आवाज आला. ‘गुड मॉर्निंग सर, मैं विंडोज टेक्निकल डिपार्टमेंट से...’

मी म्हटलं, ‘अरे बाबू, बरं झालं. उस दिन वो प्रिंटर का रह गया था. कागद अंदर लेता है, बाहर नहीं देता. पहले वो देखो.’

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग फोन कट झाला. मी उलटून लावला. रिंग पूर्ण वाजली, कोणी उचललं नाही.

काकाजी म्हणाले, ‘पक्का मेकॅनिक झाला थो आता.’