न आठवणारी आठवण: एका आक्षेपाला उत्तर

तान्हेपणीच्या आठवणी पुसल्या जात नाहीत, फक्त आठवेनाशा होतात, या माझ्या म्हणण्यावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. आयुष्यभर न आठवणाऱ्या गोष्टीला ‘मेंदूत शाबूत’ म्हणणं ही शब्दांची कसरत आहे; आणि उंदरांचे दाखले देऊन मी संमोहनवाल्यांची, म्हणजे संमोहनानं हरवलेल्या आठवणी परत आणून देतो म्हणणाऱ्यांची, फुकट जाहिरात करतोय.

पहिला मला अजिबात पटत नाही. टोरांटोच्या शास्त्रज्ञांचा २०१८चा प्रयोग पुन्हा बघा. उंदराच्या १७ दिवसांच्या पिल्लांना एका पेटीत पायाला शॉक दिला. त्या वेळी हिपोकॅम्पसमधल्या (मेंदूच्या आठवणी नोंदवणाऱ्या भागातल्या) ज्या पेशी जाग्या होत्या, त्यांच्यावर जनुकीय खूण केली. अशी, की पुढे प्रकाश पाडला की नेमक्या त्याच चेतवता याव्यात. काही आठवड्यांत पिल्लं ते सगळं विसरली, त्याच पेटीत बिनधास्त हिंडू लागली. मग खुणेच्या पेशींवर प्रकाश पाडला आणि उंदीर जागच्या जागी थिजले. तीन महिन्यांनंतरसुद्धा, म्हणजे चांगले मोठे झाल्यावर! नोंद पुसली गेली असती तर प्रकाशानं जागं काय केलं?

माणसाचंच उदाहरण हवं, तर मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांच्या प्रयोगांतली तान्ही बाळं घ्या. पाय रिबिनीनं टांगत्या खेळण्याला बांधला की तीन महिन्यांचं बाळ लाथा मारून ते हलवायला शिकतं आणि दोनेक आठवड्यांत विसरतं. पण चाचणीच्या आदल्या दिवशी तेच खेळणं त्याच्यासमोर नुसतं हलवून दाखवलं, की दुसऱ्या दिवशी लाथा सुरू. अर्थात ही गोष्ट आठवड्यांची आहे, दशकांची नव्हे.

दुसऱ्या आक्षेपामागची काळजी रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये २४ जणांना ‘लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात’ असं खोटंच सांगितलं, तर जवळपास पाव लोकांना ते थोडंफार ‘आठवलं’. पण म्हणूनच ही जाहिरात संमोहनवाल्यांना परवडणारी नाही. उंदरात खूण घटना घडत असतानाच केली होती. कोचावर पडलेल्या माणसाच्या मेंदूत अशी खूण कोणी केलेली नसते. तिथे जे वर येतं, ते जुनं की आत्ताच रचलेलं, हे ना त्या माणसाला कळतं ना संमोहनवाल्याला.

आणि हो, दीड वर्षाचे असताना पाळण्यातून पडल्याचं तुम्हाला ‘लख्ख आठवतं’ म्हणता. त्या वयात नोंद होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही; वर्षाच्या आसपास हिपोकॅम्पस नोंदी करू लागतो, असं येल विद्यापीठाच्या २०२५च्या अभ्यासात दिसलंय. पण हा किस्सा घरात कोणी कधीच सांगितला नव्हता, याची खात्री आहे का?