भाड्याच्या घरांना सरकारने पैसे का द्यावेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागावलात तरी एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून थँक्यू. खाली कमेंटमध्ये उत्तर मावेना म्हणून इथे लिहितेय.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी म्हटलं होतं की कमी कमाई असणाऱ्यांसाठी सरकारने भाड्याची घरं बांधावीत आणि ती चालवायलाही पैसे द्यावेत. काकांचं म्हणणं असं, की मुंबईतल्या सरकारी बीडीडी चाळींची काय दशा झाली ते दिसत नाही का, सरकारला घरमालक होणं जमत नाही, एकदा आलेला भाडेकरू खोली अडवून बसतो, द्यायचंच तर मालकीचं घर द्या, आणि या सगळ्याला पैसा आणायचा कुठून, दुसऱ्याचं भाडं आम्ही करदात्यांनी का भरायचं. काका स्वतः १५ वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यामुळे हे अनुभवातून आलंय हे मला मान्य आहे.

आधी करदात्यांचं बोलू. तुम्ही गृहकर्ज घेतलं असेल तर व्याजावर इन्कम टॅक्समध्ये वजावटही घेतली असेल, आमच्या घरीही घेतली, स्वतः राहायच्या घरासाठी वर्षाला २ लाखांपर्यंत. हाही सरकारी पैसाच की, फक्त तो ज्याला कर्ज मिळतं त्यालाच मिळतो. पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात कर्जावर जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांची व्याज सबसिडी आहे, चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठी आधी बँकेने दारात उभं करायला पाहिजे ना.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी ठाण्याजवळ दिव्याला राहतात. पाच वर्षांत चौथी खोली. अकरा महिने झाले की मालक भाडं वाढवतो नाहीतर खाली करा म्हणतो, मग नवीन डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि जुन्या डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापलेले. लाइटचं बिल मालकाच्या सबमीटरवर, युनिटचा रेट तो सांगेल तो. करार कागदावर नाहीच, त्यामुळे आधारवर अजून दोन खोल्यांपूर्वीचा पत्ता आहे, गॅसचं कनेक्शन मिळत नाही, छोटी टाकी किलोच्या भावाने भरून आणतात. मागच्या वेळी सामान हलवताना टेम्पोत पिंप, डबे, गादी आणि मांडीवर मुलीचं दप्तर, कारण तिची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. या बाईंना मालकीचं घर द्या म्हणता, पण पगाराची स्लिप नाही, डाउनपेमेंट नाही, आणि नवऱ्याचं काम कधी भिवंडीला तर कधी पनवेलला. त्यांना आज हवी आहे परवडेल अशी, चार वर्षं कोणी हलवणार नाही अशी खोली.

आता बीडीडी. त्या चाळींबद्दल मला खूप आदर आहे आणि रागही आहे. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ५० हजार खोल्या बांधायचं ठरवलं, पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर रुपयाचा कर बसवला. झाल्या साधारण साडेसोळा हजार, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. खोली १६० चौरस फुटांची. संडास कॉमन, आणि पुढे भाडं इतकं नाममात्र राहिलं की त्यात साधं प्लास्टर निघालं नसतं. म्हणजे काका, बांधायला पैसा होता, सांभाळायला नव्हता. तरी तिथे तीन-चार पिढ्या उभ्या राहिल्या, गिरणीवाले, गोदीवाले, पोलीस. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्याचा मला मनापासून आनंद आहे, तो त्यांचा हक्कच होता. पण सरकारकडच्या भाड्याच्या या साडेसोळा हजारांतल्या बहुतेक खोल्या अशा मालकीत चालल्या आणि त्यांच्या जागी नवीन भाड्याच्या किती आल्या, हे कोणी विचारतच नाही.

आणल्या होत्या, २००८ मध्ये. एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाची, रेंटल हाउसिंग स्कीम. बिल्डरला चार एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकामाची परवानगी, बदल्यात त्याने खोल्या बांधून द्यायच्या आणि त्या भाड्याने जायच्या. खोली किती मोठी? परत १६० चौरस फूट! पुढे पनवेलजवळ कोनच्या इमारती २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना मालकीने द्यायचं ठरलं, करोनात तिथे क्वारंटाइन सेंटर झालं, घरांची दुर्दशा झाली आणि ज्यांना सोडत लागली ते ताब्यासाठी ताटकळले. ठाण्यात अशाच काही खोल्यांमध्ये धोकादायक इमारतींतली कुटुंबं नेऊन ठेवली. सरकारला घरमालक होणं जमत नाही असं तुम्ही म्हणता, पण या खोल्या ज्यांच्यासाठी होत्या त्यांना भाड्याने देऊन सरकारने कधी नीट चालवूनच बघितल्या नाहीत.

२०२० मध्ये लोक गावाकडे चालत निघाले तेव्हा केंद्राने भाड्याच्या घरांची योजना काढली, आता ती आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात आहे. त्यात नवीन बांधकामाला चौरस मीटरमागे केंद्राचे ३ हजार आणि राज्याचे २ हजार, तेही बांधकामाचं नवीन तंत्र वापरलं तर. म्हणजे अनुदान भिंत कशी बांधली त्यावर आहे. पाचव्या वर्षी पंप जळाला, दहाव्या वर्षी गळती लागली, भाडेकरूची दोन महिने मजुरी बुडाली, तर पैसे कुठून येणार, याला त्यात उत्तर नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे. दरवर्षीचा पैसा द्या, आणि भाडं कमाईच्या हिशेबाने ठेवून दर दोन-तीन वर्षांनी तपासा. कमाई वाढली तर भाडं वाढेल, मग खोली अडवून बसण्याची तुमची भीतीही बरीच कमी होईल.

पैसा कुठून, हा तुमचा प्रश्न मात्र एकदम बरोबर आहे. १ एप्रिल २०२२ पासून मुंबई-ठाण्यात घर घेताना स्टॅम्प ड्युटीसोबत घराच्या किमतीवर १ टक्का मेट्रो सेस भरतो आपण, शहराला ट्रेन पाहिजे म्हणून. कापसाच्या गाठीवर रुपया चालला होता, तर या खरेदी-विक्रीतला थोडा वाटा भाड्याच्या खोल्यांच्या देखभालीला का नको? सोसायटीत आपण मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला सिंकिंग फंड ठेवतो तसाच, फक्त त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावता येऊ नये.

काका, तुम्ही १५ वर्षं हे हिशेब केलेत. ३०० चौरस फुटांच्या २०० खोल्या, दोन लिफ्ट, एक पंप, एक वॉचमन धरून महिन्याची देखभाल खोलीमागे किती पडेल ते जमलं तर लिहा, मी पुढच्या पोस्टमध्ये भाड्याचं गणित त्यावरच मांडते.