स्वतः पुस्तक काढताय? पहिला खर्च संपादकावर करा

मी स्वतः काढलेली कादंबरी आल्यापासून लोक मला ‘कशावर आहे’ असं कमी विचारतात, ‘किती खर्च आला’ असं जास्त. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या कपाटात स्वतःची एखादी वही पडून आहे, हे आता मला त्यांच्या आवाजावरूनच कळतं. त्यांच्यासाठी हे लिहितेय. लांबलंय, सवडीनं वाचा.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशोब बघते. हळदीची आवक जोरात असते तेव्हा आणि मार्चअखेरला माझं लिहिणं बंदच असतं. सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाई, टॅलीतल्या नोंदी. घरी आलं की स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास. बाकीच्या महिन्यांत पहाटे नळाला पाणी येतं, त्यासाठी उठावंच लागतं. पाणी भरून झालं की घर जागं होईपर्यंतचा वेळ माझा. कादंबरीचा पहिला खर्डा मी त्या वेळात मोबाईलवर टाइप केला. लेखनासाठी वेगळी खोली नाही आणि त्याची मला खंतही नाही.

कादंबरी हरिपूरच्या पेवांवर आहे. सांगलीकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद पेवांत, म्हणजे जमिनीखाली खोदलेल्या खड्ड्यांत, साठवायचे. तिथली माती इतकी घट्ट की पेवाला भिंत बांधावी लागत नाही. तोंड अरुंद, पोट मोठं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आतली कोंदट हवा निघून जाऊ द्यायची, कंदील सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं कायमची गेली. पुढं गोदामं आणि कोल्ड स्टोरेज आली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर पेवात उतरणारी माणसं म्हातारी झाली होती. आमच्या दुकानातले जुने दिवाणजी काका ही माणसं नावानिशी ओळखायचे. ते बोलत गेले, मी टिपत गेले आणि त्यातून एका हमालाच्या बायकोची गोष्ट उभी राहिली.

हस्तलिखित मी काही प्रकाशकांकडे पाठवलं. बहुतेकांकडून पोचही आली नाही. एकांनी प्रेमानं फोन करून सांगितलं की नव्या नावाची जाड कादंबरी सध्या काढणं परवडत नाही. त्यांचा मला राग नाही, उलट त्यांनी वाचलं होतं हे बोलण्यावरून कळत होतं.

राग आहे तो दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेचा. नाव घेत नाही. मी हस्तलिखित मेल केलं आणि दुसऱ्याच दिवशी ‘स्वीकृत’ म्हणून फोन आला. पंच्याऐंशी हजार भरायचे, पाचशे प्रती छापणार, त्यातल्या शंभर मला, बाकी ‘वितरणात’. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) त्यांचा, हक्क पाच वर्षं त्यांच्याकडे, शिवाय सभागृहात प्रकाशन समारंभ. मी विचारलं, कादंबरीतलं तुम्हाला काय आवडलं? समोरच्या माणसाला नायिकेचं नाव सांगता येईना. बदल काही सुचवाल का, तर म्हणाले, “मॅडम, तुमच्या शब्दाला आम्ही हात लावत नाही.” हे वाक्य ते मोठेपणानं म्हणत होते! एखाद्याच्या कित्येक वर्षांच्या कामाला न वाचता हो म्हणणं हा माझ्या लेखी अपमान आहे. नवा लेखक त्या एका ‘हो’साठी इतका आसुसलेला असतो की घरातलं सोनं गहाण टाकून पैसे भरतो. अशा माणसांना मी आता भेटले आहे. त्यांच्या पलंगाखाली गठ्ठे आहेत.

लेखकानं पैसे घालून पुस्तक काढण्यात मला कमीपणा अजिबात वाटत नाही. पण मग ते स्वतःच्या नावानं काढावं. आयएसबीएनसाठी कुणाला पैसे मोजायची गरज नाही. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो फुकट देते आणि लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. ज्या पॅकेजात ‘आयएसबीएन शुल्क’ असा रकाना असेल, तिथं बाकीचेही आकडे नीट बघा.

स्वतः पुस्तक काढायचं ठरवल्यावर मी सगळ्यात आधी पैसे बाजूला काढले ते संपादनाचे. चांगला प्रकाशक लेखकाला जे देतो त्यातली छपाई कुणालाही विकत मिळते, मुखपृष्ठ मिळतं. पण ‘हे प्रकरण इथं नको’ असं सांगणारा परका माणूस घरबसल्या मिळत नाही. घरचे कौतुक करतात, मैत्रिणी ‘मस्त’ म्हणतात, त्यांच्याकडून ती अपेक्षा करणंही चूक. मला एका ओळखीतून पुण्यातल्या संपादक बाई मिळाल्या. त्यांनी दोन महिने हस्तलिखित ठेवून घेतलं आणि परत दिलं तेव्हा प्रत्येक पानावर पेन्सिल चाललेली होती.

एकच जागा दाखवते. नवऱ्याला शोधायला नायिका पहिल्यांदा पेवापाशी येते, तिथं आधी असं होतं: “पेवाचं तोंड उघडताच आतली कोंदट, दमट, जीवघेणी हवा बाहेर आली आणि तिच्या काळजात मृत्यूची भीती दाटून आली.” बाईंनी हे वाक्य कापलं नाही. समासात फक्त लिहिलं, “कंदील कुणाच्या हातात आहे?” दोन दिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं. आता पुस्तकात असं आहे: “तिनं कंदील खाली सोडला. निम्म्यावर जाऊन तो विझला. दोर वर न ओढता ती तशीच उभी राहिली.” भीती हा शब्द गेला आणि नायिका दिसायला लागली. असे प्रश्न पानोपानी होते. सौद्याची आणि हळद शिजवण्याची जी माहिती मी हौसेनं भरली होती, तिच्यातली बरीच निघाली. अठरा फर्म्यांची कादंबरी चौदा फर्म्यांवर आली. फर्मा सोळा पानांचा, म्हणजे २८८ पानांची २२४ झाली. कागदाचे पैसे वाचले ते वेगळेच.

मग प्रुफं. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं, डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं मांडून देणारे, त्यांच्या फॉन्टमध्ये काम करणारे. फाइल बदलताना जोडाक्षरं फुटली, ‘दुसऱ्या’चं सगळीकडे ‘दुस-या’ झालं, काही वेलांट्या पुढच्या अक्षरावर जाऊन बसल्या. यासाठी दिवाणजी काका कामी आले. आमच्याकडे रोजमेळ जुळवताना एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं बोट ठेवून बघायचं अशी रीत आहे. दुकान बंद झाल्यावर तसं आम्ही अख्खं पुस्तक वाचलं, विरामचिन्हांसकट. स्वल्पविराम, पूर्णविराम असं काका मोठ्यानं म्हणत. मधेच थांबून म्हणाले, “ही म्हातारी आमच्या गल्लीतली का गं?” ती त्यांच्याच गल्लीतली होती.

आता खर्च. तीनशे प्रतींची छपाई आणि बांधणी तेहतीस हजार, संपादन अठरा हजार, डीटीपी आणि मुखपृष्ठ मिळून पंधरा हजार. एकूण सहासष्ट हजार. प्रत पडली २२० रुपयांना, किंमत ठेवली ३००. विक्रेत्याला पन्नास टक्के कमिशन दिलं की मला दीडशे मिळतात, म्हणजे प्रतीमागं सत्तर रुपये जातात. थेट वाचकाला विकलं तर २२० प्रतींवर पैसे वसूल. म्हणून मी ठरवलं की मोजक्या प्रती दुकानात ठेवायच्या आणि बाकीच्या स्वतः पाठवायच्या.

पाठवण्याचंही सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं, तेव्हा छोट्या प्रकाशकांचं कंबरडं मोडलं. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालंय. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत जास्तीत जास्त शंभर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, ते बघून घ्या. पुठ्ठा घातला की माझं पुस्तक तीनशेच्या पुढं जातं, तरी कुरिअरपेक्षा खूप स्वस्त पडतं. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणारे हे सहसा विसरतात. माझं हरिपूर त्या कपाटांत कुठंतरी आहे, याचा मला फार आनंद आहे.

प्रकाशन समारंभ केला नाही. यावरून घरात बरीच चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं, “चार माणसांना बोलवायला नको? एवढं केलंस.” त्यांचं चुकीचं नव्हतं. सभागृह, शाल-श्रीफळ, नाश्ता, पाहुण्यांचा प्रवास धरला तर तेवढ्यात पुन्हा एक संपादन झालं असतं. शेवटी त्यांनीच तोड काढली. रविवारी हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन घेतलं आणि पेवात उतरलेल्या तीन म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन एकेक प्रत दिली. त्यातल्या दोघांना वाचता येत नाही, त्यांच्या नातवंडांनी तिथंच वाचायला सुरुवात केली.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला, साहित्य संमेलनं भरतात, हे चांगलंच आहे. पण तालुक्याच्या गावात बसून लिहिणाऱ्याला आपलं हस्तलिखित कुणाला दाखवावं हे कळत नाही, ही माझ्या मते आजची सगळ्यात मोठी अडचण आहे. साहित्य संस्थांनी, विद्यापीठांच्या मराठी विभागांनी संपादकांची एक साधी यादी करावी, फीसकट. आणि प्रकाशकांनी, आम्हा स्वतः काढणाऱ्यांनीही, श्रेयनामावलीत संपादकाचं नाव छापावं. माझ्या पुस्तकात ते मुखपृष्ठकाराच्या वर आहे.

खर्चाची पूर्ण शीट, आयएसबीएनच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं आणि संपादक बाईंचा नंबर (त्यांना विचारून) हवा असेल त्यांनी मेसेज करा. दिवसा सौदे चालू असतात, रात्री नऊनंतर उत्तर देते.