‘नटसम्राट’ गाजलं म्हणून डॉ. लागूंनी दवाखाना बंद केला?

डॉ. श्रीराम लागूंच्या फोटोवर एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतोय: ‘नटसम्राटच्या यशानंतर या सर्जनने एका रात्रीत डॉक्टरकी सोडली.’ वाचायला झकास, पण क्रम उलटा आहे.

लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात प्रॅक्टिस, मग टांझानियातल्या टाबोऱ्याला नोकरी. भारतात परतल्यावर 1969 मध्ये, चाळिशी ओलांडलेली असताना, ते पूर्णवेळ नट झाले. नाटक होतं वसंत कानेटकरांचं ‘इथे ओशाळला मृत्यू’. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग डिसेंबर 1970 चा. म्हणजे त्यातले नायक आप्पा बेलवलकर अंगावर चढले तेव्हा स्टेथोस्कोप आधीच खाली ठेवलेला होता. हातात गाजलेलं काही नसताना पोटाचा धंदा सोडला, हे खरं धाडस. फॉरवर्डवाल्यांनी नेमकं तेच पुसलं.

‘एका रात्रीत’ तर बिलकूल नाही. पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेत, पुढे मुंबईत ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं हौसेनं कामं केली होती. सिनेमातलं नाव त्यानंतरचं: ‘पिंजरा’ 1972 चा, ‘घरौंदा’साठीचं सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर त्याहून पुढचं.

मजकूर पुढे ढकलायचाच असेल, तर निदान सालं दुरुस्त करून ढकला.